पहिली दहा मिनिटे: रणांगणावरील जखमींसाठी वैद्यकीय पथक कसे घडवावे

मांडीतील मुख्य धमनी तुटली, तर एरवी धडधाकट असलेला जवान काही मिनिटांतच रक्तस्रावाने दगावू शकतो. त्या वेळी पलटणीचा डॉक्टर, म्हणजे आरएमओ, मागे रेजिमेंटल एड पोस्टवर, म्हणजे पलटणीच्या उपचार केंद्रावर असतो, शल्यचिकित्सक त्याच्याही कितीतरी मागे असतो आणि हेलिकॉप्टर ढग निवळण्याची वाट पाहत थांबलेले असते. जखमीजवळ असतो तो त्याचा सोबती, आणि फार तर तुकडीतला बॅटल फील्ड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे जखमींच्या उपचारांचे प्रशिक्षण घेतलेला जवान. म्हणून प्रशिक्षणाची आखणी शस्त्रक्रियागृहापासून सुरू करू नये. ती या सोबत्याच्या दोन हातांपासून सुरू करावी आणि तिथून एकेक पायरी मागे, एड पोस्टकडे, फील्ड हॉस्पिटलकडे न्यावी. पलटणीत किंवा फील्ड हॉस्पिटलमध्ये हे शिकवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते, त्यांच्यासाठी हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. सुई, नळी आणि औषधे यांविषयीचे भाग केवळ अधिकृत प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी आहेत, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो.

माणसे नेमकी कशाने मरतात

ऑक्टोबर २००१ ते जून २०११ या काळात इराक आणि अफगाणिस्तानात मृत्यू पावलेल्या ४,५९६ अमेरिकी सैनिकांच्या नोंदी तपासून केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ८७ टक्के जण शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पोहोचण्यापूर्वीच गेले होते. या वाटेतच गेलेल्यांपैकी सुमारे २४ टक्के, म्हणजे ९७६ जण, योग्य उपचार वेळेवर मिळाले असते तर कदाचित वाचू शकले असते, आणि त्यांच्यातील जवळपास ९१ टक्के मृत्यू रक्तस्रावाचे होते. हा रक्तस्राव दोनतृतीयांश प्रकरणांत छाती-पोटातला होता, सुमारे १९ टक्के प्रकरणांत जांघ, काख आणि मान अशा सांध्यांच्या जागचा, तर उरलेल्यांत हातापायांचा. प्रशिक्षकाने हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत, कारण अभ्यासक्रमातले तास कशावर खर्च करायचे हे तेच सांगतात.

रणांगणावरील उपचारांची आजची पद्धत १९९६ मध्ये अमेरिकी लष्करी वैद्यकातील एका लेखाने मांडली आणि पुढे ती अनेक सैन्यांनी स्वीकारली. नागरी रुग्णवाहिकेचे नियम गोळीबारात जसेच्या तसे चालत नाहीत, हे तिने ठामपणे सांगितले. तिने उपचारांचे तीन टप्पे पाडले: गोळीबार चालू असतानाचे उपचार, आडोशाला आल्यानंतरचे उपचार आणि मागे नेतानाचे उपचार. पहिल्या टप्प्यात प्रत्युत्तराचा गोळीबार, आडोसा आणि हातापायातून जोरात रक्त वाहत असेल तर टूर्निकेट (दांडी पिळून आवळायचा, रक्त थांबवणारा पट्टा), एवढेच करायचे असते. शिकाऊ नर्सिंग असिस्टंटला हे पचायला फार जड जाते. त्याचा स्वभावच जखमीकडे धावण्याचा असतो, आणि तो धावत गेला तर एकाऐवजी दोन जखमी होतात.

आरंभ कमांडिंग ऑफिसरपासून

अमेरिकी सैन्याच्या ७५व्या रेंजर रेजिमेंटमध्ये स्टॅन्ली मॅकक्रिस्टल कमांडर असताना, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, नेमबाजी, शारीरिक क्षमता, छोट्या तुकड्यांचे डावपेच आणि वैद्यकीय प्रशिक्षण हे चार विषय समान महत्त्वाचे ठरवले गेले. स्वयंपाक्यापासून अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाला जखमीचे प्राथमिक उपचार यायलाच हवेत, असा दंडक पडला. पुढे ऑक्टोबर २००१ ते मार्च २०१० या काळात या रेजिमेंटचे ४१९ जण लढाईत जखमी झाले आणि ३२ जण मृत्युमुखी पडले. पण रुग्णालयापूर्वी आणखी काही उपचार केले असते तर वाचला असता, असा त्यांत एकही नव्हता. हे यश एखाद्या नव्या औषधाचे नव्हते. वैद्यकीय सराव हा डॉक्टरचा विषय न राहता कमांडरचा विषय झाला, त्याचे ते फळ होते. म्हणून पहिली पायरी ही की, आरएमओने आपला आराखडा कमांडिंग ऑफिसरपुढे ठेवावा, पलटणीच्या प्रशिक्षण वेळापत्रकात तास मागून घ्यावेत आणि ते फायरिंग रेंजच्या तासांइतकेच अटळ धरले जावेत असा आग्रह धरावा. ‘वेळ मिळाला तर घेऊ’ अशा तासाला वेळ कधीच मिळत नाही.

कोणी काय शिकावे

सर्वांना सर्व काही शिकवण्याचा मोह टाळावा. प्रत्येक जवानाला रक्तस्राव थांबवणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, छातीची जखम झाकणे आणि जखमीला ऊब देणे एवढे यावे. यासाठी साधारण एका दिवसाचा अभ्यासक्रम पुरतो. प्रत्येक सेक्शनमधील, म्हणजे पलटणीतल्या छोट्या तुकडीतील, एक-दोन निवडक जवानांना सुमारे आठवड्याभराचे सखोल प्रशिक्षण द्यावे. त्यावर नर्सिंग असिस्टंट, आणि त्याच्यावर आरएमओ. प्रत्येक पातळीवर काय करायचे याबरोबरच काय करायचे नाही, हेही लेखी ठरलेले असावे. कोंडलेली हवा काढण्यासाठी छातीत सुई घालणे हे काम साध्या जवानाचे नाही, आणि ते त्याला अर्धवट दाखवून ठेवणे हे न दाखवण्यापेक्षा धोकादायक आहे.

शिकवण्याच्या भाषेकडे फार दुर्लक्ष होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेव्हा त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली आणि शस्त्रक्रियांच्या जोडीने तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवले. डिसेंबर १९४२ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे वय अवघे ३२ होते. त्यांचे हे उदाहरण प्रत्येक प्रशिक्षकाने समोर ठेवावे. इंग्रजी स्लाइडवरचे वाक्य परीक्षेपुरते लक्षात राहते. कानाशी गोळ्या सुटत असताना तोंडातून निघतो तो जवानाच्या रोजच्या बोलण्यातला शब्द. ‘घट्ट कर’, ‘दाबून धर’, ‘वेळ लिही’ असे दोन-तीन शब्दांचे हुकूम पलटणीच्या भाषेत ठरवून घ्यावेत आणि सरावात तेच वापरावेत.

सामान: एकच जागा, एकच सवय

प्रत्येक जवानाचे टूर्निकेट आणि फर्स्ट फील्ड ड्रेसिंग (जखमेवर बांधायची पट्टी) एकाच ठरावीक जागी असावे, आणि ती जागा उजव्या तसेच डाव्या हातालाही पोहोचणारी असावी. जखमीवर वापरायचे ते त्याच्याच अंगावरचे टूर्निकेट. आपले आपल्यासाठी राखून ठेवायचे. सरावाची टूर्निकेट वेगळी ठेवावीत आणि त्यांना ठळक रंगाची खूण करावी, कारण वारंवार पिळलेला पट्टा व दांडी कमकुवत होते आणि खऱ्या प्रसंगी तुटू शकते.

एका शिबिरातला प्रसंग मला विसरता येत नाही. वर्गात सर्वांत चपळ ठरलेला एक तरुण नर्सिंग असिस्टंट रात्रीच्या पावसातल्या सरावात अडला, तो टूर्निकेटच्या प्लास्टिकच्या वेष्टनापाशी. ओल्या बोटांतून ते निसटत होते, दातांनी फाडायचा प्रयत्न फसला, आणि मी हातातल्या घड्याळाकडे पाहत उभा होतो. त्याची चूक नव्हती. वेष्टन आधी काढून, पट्टा योग्य घडी घालून तयार ठेवा, असे आम्ही त्याला सांगितलेच नव्हते. त्या रात्रीपासून माझ्या प्रत्येक वर्गाचा पहिला धडा हाच असतो: टूर्निकेट वेष्टनातून काढा, उलगडा, पुन्हा घडी घाला, जागेवर लावा, आणि डोळे मिटून काढून दाखवा.

टूर्निकेट: इथे वेळ घालवावा

व्हिएतनाम युद्धात अडीच हजारांहून अधिक सैनिक केवळ हातापायांच्या रक्तस्रावाने गेले, असा अंदाज पुढे मांडला गेला. इतर गंभीर जखम नसलेली, एका पट्ट्याने वाचू शकली असती अशी ती माणसे होती. बगदादमधील एका लष्करी रुग्णालयाच्या अनुभवावर आधारित, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की जखमी शॉकमध्ये (रक्त गेल्याने शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडण्याच्या अवस्थेत) जाण्यापूर्वी टूर्निकेट लावले तेव्हा ९० टक्के जगले, आणि शॉकमध्ये गेल्यावर लावले तेव्हा अवघे १० टक्के. साधन तेच, हातही बहुधा तितकेच कुशल. फरक फक्त वेळेचा होता.

सराव असा घ्यावा. गोळीबाराखाली जखम शोधत बसायचे नसते. कपड्यांवरूनच, हातापायाच्या मुळाशी, जितके वर जाईल तितके वर टूर्निकेट लावायचे. आडोशाला आल्यावर कपडे कापून जखम उघडी करायची आणि शक्य तर जखमेच्या दोन ते तीन इंच वर, थेट कातडीवर, सांधा टाळून दुसरे लावायचे. पट्टा आधी हाताने इतका ओढावा, की त्याखाली तीन बोटांची टोके शिरू नयेत. शिकाऊ माणूस बहुतेक वेळा इथेच चुकतो: पट्टा सैल ठेवतो आणि नंतर दांडी पिळत बसतो. दांडी रक्त थांबेपर्यंत पिळावी, अडकवावी, पुढची नाडी लागत नाही याची खात्री करावी आणि वेळ लिहावी. अर्धवट आवळलेले टूर्निकेट न लावल्याहून वाईट ठरू शकते, कारण ते शिरांचा परतीचा प्रवाह अडवते, पण धमनीतून रक्त येतच राहते. एकाने थांबत नसेल तर दुसरे त्याला खेटून लावावे. जखमीला हलवल्यानंतर प्रत्येक वेळी पुन्हा तपासावे.

हा सराव बाहुलीवर पुरेसा होत नाही. प्रकृतीची आडकाठी नसलेल्या शिकाऊ जवानांनी तो परस्परांच्या पायावर, देखरेखीखाली करावा. जोडीदाराने घोट्याजवळची नाडी हरवली का ते बोटांनी पाहावे आणि लगेच सैल करावे. नीट लावलेले टूर्निकेट असह्य दुखते. ज्याने ते स्वतःच्या मांडीवर अनुभवले आहे, तोच खरा जखमी किंचाळू लागल्यावर दांडी सैल करत नाही. मापदंड ठेवायचा तर असा: एका मिनिटाच्या आत, एका हाताने स्वतःच्या दंडावर, आणि अंधारात.

टूर्निकेट काढण्याचे शिक्षण लावण्याइतकेच आवश्यक आहे आणि बहुतेक अभ्यासक्रमांत ते एका ओळीत उरकले जाते. दोन तासांच्या आत नर्सिंग असिस्टंटने किंवा डॉक्टरने त्याची गरज पुन्हा तपासावी. जखमी शॉकमध्ये नसेल, जखमेवर लक्ष ठेवता येत असेल आणि अवयव तुटलेला नसेल, तर दाबपट्टी घालून टूर्निकेट हळूहळू सैल करून पाहावे. सहा तासांहून अधिक काळ लावलेले टूर्निकेट मात्र शल्यचिकित्सकाशिवाय काढू नये. २०२२ नंतर युक्रेनमध्ये ड्रोनच्या टेहळणीमुळे जखमींना तासन्‌तास हलवता येईना, आणि गरज नसताना लावलेली किंवा वेळेवर न तपासलेली टूर्निकेट कित्येकांचे हातपाय घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी हा धडा फार मोठी किंमत मोजून जगाला दिला आहे.

जखम भरणे

जांघ, काख आणि मान इथे टूर्निकेट बसत नाही. तिथे जखमेत गॉज, म्हणजे जाळीदार पट्टीचे कापड, ठासून भरावा लागतो. हे शिकवायला महागड्या प्रतिकृतीची गरज नाही. खाटकाकडून बकऱ्याची अख्खी मांडी आणावी, हाडापर्यंत जाणारा अरुंद, तिरका छेद घ्यावा, त्याच्या तळाशी सलाइनच्या नळीचे टोक पोहोचवावे आणि लाल रंगाच्या पाण्याची पिशवी उंच टांगून साहाय्यकाला ती नाडीसारखी दाबत राहायला सांगावे. शिकणाऱ्याने आधी बोटाने उगम शोधावा, त्यावरचा दाब क्षणभरही न सोडता गॉजचे टोक तिथेच नेऊन ठेवावे आणि दोन्ही हातांच्या बोटांनी आळीपाळीने भरत जावे. वर फुगवटा आला की दोन्ही तळहातांनी, कोपरे सरळ ठेवून, शरीराचा भार टाकून दाबावे: रक्त गोठवणारा गॉज असेल तर किमान तीन मिनिटे, साधा असेल तर दहा. घड्याळ लावून तीन मिनिटे दाबायला लावले की कळते, ती किती लांब असतात. बहुतेक जण पाऊण मिनिटातच ‘थांबलं का’ म्हणून उचलून पाहतात, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. छातीच्या आणि पोटाच्या पोकळीत असा गॉज भरायचा नाही, हे मात्र बजावून सांगावे.

उरलेला क्रम

रक्तस्रावानंतर श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, आणि शेवटी ऊब व डोक्याची इजा, हा क्रम जिभेवर बसेपर्यंत म्हणून घ्यावा. चेहऱ्याला जखम असलेला पण शुद्धीवर असलेला जवान पुढे वाकून बसू पाहत असेल, तर त्याला तसेच बसू द्यावे. जबरदस्तीने उताणे झोपवल्यास तो स्वतःच्याच रक्ताने गुदमरू शकतो. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवावे. छातीवरची जखम हवाबंद पट्टीने, शक्य तर झडप असलेल्या पट्टीने झाकावी, आणि पाठ तपासल्याशिवाय छातीची तपासणी संपली असे समजू नये. श्वास वाढत्या वेगाने कोंडत असेल तर पट्टी उचलून कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्यावी. त्यानेही भागले नाही, तर सुईने हवा काढण्याचे काम प्रशिक्षिताचे आहे.

डोक्याला इजा नसताना जखमी बरळू लागला किंवा मनगटाची नाडी क्षीण झाली, तर तो शॉक समजावा. अशा वेळी सर्वांत उपयोगी पडते ते रक्तच. सलाइनच्या बाटल्या रिकाम्या करत गेल्याने उरलेले रक्त पातळ होते आणि गोठण्याची शक्ती घटते. ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारे औषध द्यायचे तर जखमेपासून तीन तासांच्या आत, जितके लवकर तितके चांगले. वीस हजारांहून अधिक जखमींवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने त्याचा उपयोग दाखवला, आणि उशिरा दिल्यास अपाय होऊ शकतो हेही त्याच चाचणीतून पुढे आले.

ऊब देणे हा विषय वर्गात नेहमी शेवटच्या पाच मिनिटांत येतो. तसे करू नये. रक्त गेलेले शरीर भर मे महिन्यातही थंड पडते. थंड पडले की रक्त गोठत नाही, आणि रक्तातले आम्ल वाढून ही दोन्ही संकटे आणखी बळावतात. जखमीच्या अंगाखाली आधी काहीतरी घालावे, मग वर पांघरावे. सियाचीनसारख्या ठिकाणी तर कपडे कापणे हाच मोठा निर्णय असतो: जाड, फुगीर थरांवरून लावलेले टूर्निकेट घसरते, आणि कपडे उघडले तर थंडी आत शिरते. यावर तोडगा म्हणजे लागेल तेवढेच कापणे, काम होताच झाकणे, आणि हे सगळे हातमोजे घालून आधी करून पाहिलेले असणे.

नोंद आणि सुपूर्ती

जखम कशाने झाली, कुठे झाली, नाडी-श्वास-शुद्ध कशी आहे आणि आतापर्यंत काय केले, या चार गोष्टी जखमीच्या अंगावरच्या कार्डावर लिहाव्यात आणि सुपूर्त करताना त्याच क्रमाने तीस सेकंदांत सांगाव्यात. ओल्या कार्डावर चालणारे पेन सामानात आहे का, हे सरावातच कळते. हेलिकॉप्टरच्या घरघरीत आवाज ऐकू जात नाही, म्हणून सुपूर्तीचा सराव मोठ्या आवाजात ध्वनिफीत लावून घ्यावा आणि समोरच्याकडून ऐकलेले परत वदवून घ्यावे.

प्रसंगसराव

सुटी कौशल्ये जमल्यानंतरच प्रसंगसरावाकडे वळावे, आणि तोही चढत्या पायरीने: आधी दिवसा एक जखमी, मग रात्री एक, मग रात्री चार जखमी आणि स्ट्रेचर दोनच. जखमींची वर्गवारी करताना सर्वांत जास्त ओरडणाऱ्याकडे पाय आपोआप वळतात. गप्प पडलेला तपासायचा राहतो. प्रशिक्षकाने मुद्दाम एका गप्प जखमीला वाचवता येण्याजोगी, पण तातडीची जखम द्यावी. शेवटचा प्रसंग मागे नेण्याची सोयच न मिळण्याचा असावा. जून २००९ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी अफगाणिस्तानातील गंभीर जखमींना साठ मिनिटांत शस्त्रक्रियेपर्यंत नेण्याचा आदेश दिला आणि त्याने प्राण वाचले; पण आकाश आपल्या ताब्यात असल्याखेरीज तो आदेश पाळता येत नाही, आणि हिमनदीवरचे हवामान कुणाचाही आदेश ऐकत नाही. म्हणून निदान एका सरावात जखमीला आठ-दहा तास सांभाळायला लावावे: पाणी, लघवीची नोंद, कूस बदलणे, वेदनाशामकाची पुढची मात्रा, आणि सांभाळणाऱ्यांच्या झोपेच्या पाळ्या.

मागच्या पायरीवरचे पथक

फील्ड हॉस्पिटलचे शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांना शांततेच्या काळात अशा जखमा दिसतच नाहीत. हर्निया आणि अपेंडिक्स करणारा हात फाटलेल्या यकृतासमोर अडखळणारच. अमेरिकी सैन्याने २००१ च्या सुमारास मायामी आणि बाल्टिमोरमधील मोठ्या अपघात केंद्रांत आपली पथके पाठवायला सुरुवात केली, ती याच कारणाने. आपल्याकडे मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात रेल्वे अपघातांतले जखमी रोज येतात आणि दिल्लीत एम्सचे स्वतंत्र अपघात केंद्र आहे. अशा ठिकाणी लष्करी पथकांना, एकेकट्या डॉक्टरला नव्हे तर संपूर्ण पथकाला, नियमित काम मिळाले पाहिजे असे माझे ठाम मत आहे. तिथे त्यांनी मुख्यतः एक शिस्त शिकावी: रक्त आणि दूषितता थांबवा, पोट तात्पुरते झाका, रुग्णाला ऊब आणि रक्त द्या, अंतिम दुरुस्ती नंतर करा.

पथकाला पलटणीबरोबर चालता, चढता, उतरता आले पाहिजे. कोरियात ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे भारतीय पथक लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली काम करत होते. मार्च १९५१ मध्ये मुन्सान-नी येथे अमेरिकी सैनिकांबरोबर त्यातील एक तुकडी पॅराशूटने उतरली आणि लागलीच जखमींच्या कामाला लागली. शल्यचिकित्सक उत्तम असून तो वेळेवर तिथे पोहोचलाच नाही, तर त्याचा उपयोग नाही. म्हणून तंबू उभारून पहिला रुग्ण टेबलावर घेण्यास किती वेळ लागतो, तेही घड्याळ लावून मोजावे.

आढावा आणि उजळणी

प्रत्येक सरावानंतर पंधरा मिनिटांत, जागेवरच, हुद्दा बाजूला ठेवून आढावा घ्यावा. पहिला प्रश्न ‘काय चुकले’ हा नसावा. ‘पहिले टूर्निकेट कितव्या सेकंदाला लागले’ असा मोजता येणारा असावा. हातांचे कौशल्य वापरले नाही तर काही महिन्यांतच ओसरते, त्यामुळे वर्षातून एकदा मोठे शिबिर घेण्यापेक्षा दर महिन्याला वीस मिनिटांची उजळणी अधिक कामाची ठरते. तिची वही आरएमओने ठेवावी: नाव, तारीख, टूर्निकेटला लागलेली सेकंदे, जखम भरण्याचा निकाल, आणि अंगावरच्या सामानाची मुदत कधी संपते. दर महिन्याच्या शेवटी ही वही कमांडिंग ऑफिसरच्या सहीसाठी जावी, आणि ज्याचे नाव सलग दोन महिने कोरे आहे, त्याने पुढच्या गस्तीवर निघण्यापूर्वी एड पोस्टवर येऊन ती वीस मिनिटे भरून द्यावीत.